पाट्या वाचत स्कायरिम: नऊ दिवसांची पायपीट

परत येऊन चार दिवस झाले, तरी रात्री डोळे मिटले की बर्फातला तो दिवा दिसतो. तो पुसट व्हायच्या आत सगळं लिहून काढते.

प्रवास 'द एल्डर स्क्रोल्स फाइव्ह: स्कायरिम' या गेममधला. बेथेस्डा गेम स्टुडिओजनं केलेला हा गेम ११ नोव्हेंबर २०११ला आला. मी तो आधी दोनदा खेळले होते आणि दोन्ही वेळा धावतपळत. होकायंत्रावरचा बाण दाखवेल तिकडे जायचं, काम उरकायचं, नकाशावर बोट ठेवून पुढच्या गावात हजर व्हायचं. या सुट्टीत ताई आली होती. तिनं आजवर कंट्रोलर हातात धरला नव्हता. माझ्या शेजारी बसून अर्धा तास बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, तू सारखी पोचतेच आहेस. चालतेस कधी?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग नवा डाव मांडला. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावर बोट ठेवून मारलेली उडी, करायचा नाही. होकायंत्रावर बाण ठेवायचा नाही. नकाशा उघडायचा नाही, चौकातल्या लाकडी पाट्या वाचायच्या. अंधार पडला की सराई गाठायची. चालवणार मी, पण फाट्यावर कुठं वळायचं ते ताई सांगणार. रोज संध्याकाळी दोन तास, असे नऊ दिवस. तिथलं घड्याळ आपल्या वीसपट वेगानं पळतं, अख्खा दिवस ७२ मिनिटांत मावळतो. त्यामुळे आमच्या एका संध्याकाळी तिथं दीड-पावणेदोन दिवस उलटायचे. खाली 'दिवस' म्हटलंय ती आमची एक संध्याकाळ समजा.

पहिला दिवस: हेल्गेन ते रिव्हरवुड

सुरुवात घोडागाडीत, हात बांधलेले, गाडी वधस्तंभाकडे निघालेली. मग ड्रॅगन येतो, गाव जळतं, आपण भुयारातून निसटतो. हा भाग सगळ्यांनाच माहीत असतो, म्हणून त्यात फार रमत नाही. फक्त या गाडीची एक गोष्ट सांगायलाच हवी. गेम करणाऱ्यांपैकी एकानं ती २०२१मध्ये सांगितली होती. काम चालू असताना ही गाडी मधूनच थरथरायची आणि रॉकेटसारखी आकाशात उडायची. कारण सापडता सापडेना. शेवटी कळलं की वाटेवर एक मधमाशी उडत होती. औषधांसाठी खेळाडूला मधमाश्या पकडता येत नव्हत्या, म्हणून त्यात दुरुस्ती केली होती, आणि त्या दुरुस्तीनंतर मधमाशी इतकी पक्की झाली की जगातली कुठलीच वस्तू तिला हलवू शकत नव्हती. गाडी तिच्यावर आपटून उडायची. ताईला ही गोष्ट फार आवडली. पुढं नऊ दिवस, मधमाशी दिसली की ती मला गाडीची आठवण द्यायची.

भुयाराच्या तोंडातून बाहेर आलो आणि ती म्हणाली, "थांब जरा."

मी थांबले. समोर देवदारांचा उतार, खाली नदीचा आवाज, पलीकडच्या डोंगराच्या खांद्यावर दगडी कमानींचे अवशेष. या जागेवरून मी दोनदा धावत गेले होते आणि त्या कमानी एकदाही नीट बघितल्या नव्हत्या. ताईनं विचारलं, "तिकडे काय आहे?" हा प्रश्न पुढं शेकडो वेळा आला.

रिव्हरवुडला पोचायला एरवी पाच मिनिटं लागतात. आम्हाला पाऊण तास लागला, कारण फुलपाखरं पकडता येतात हे ताईला समजलं. निळी, जांभळी, लाल डोंगरफुलं खुडता येतात. खुडलेल्या झुडपाची नुसती देठं उरतात आणि काही दिवसांनी तिथं पुन्हा फुलं येतात. वाटेत तीन उभ्या शिळा लागतात: योद्धा, चोर, जादूगार. ज्या शिळेला हात लावाल त्या विद्या लवकर येतात. ताईनं जादूगार निवडला, कारण त्या शिळेच्या भोकातून उजेड वर जाताना तिला छान दिसला.

गावात शिरताच एक म्हातारी ओरडत होती की तिनं ड्रॅगन बघितला. तिचा मुलगा तिला गप्प करत होता. लोक काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं.

"अगं, तिला सांग ना. आपणही बघितलाय."

सांगता आलं नाही. तसं बोलायची सोयच गेममध्ये नाही. ताईला ते इतकं लागलं की सराईत खोली घेईपर्यंत ती गप्प होती.

कुणी असं जाणार असेल तर आधी एक करा. जर्नल उघडून प्रत्येक क्वेस्टची, म्हणजे कामगिरीची, खूण काढून टाका. तेवढ्यानं होकायंत्रावरचा बाण जातो, पण आसपासच्या जागांची काळी चिन्हं राहतात. ती राहू द्यावीत, नाहीतर खरोखरच वाट चुकते. सराईत एका रात्रीचे १० सेप्टिम (तिथली नाणी) पडतात आणि भाड्याच्या त्या पलंगावर झोपलं की पुढचे आठ तास सगळ्या विद्या १० टक्के लवकर शिकता येतात. उघड्यावरच्या अंथरुणात झोपलात तर निम्माच फायदा.

दुसरा दिवस: व्हाइटरन

नदीकाठानं उतरलं की डोंगर संपतात आणि एकदम पिवळ्या गवताचा माळ पसरतो. वेशीजवळच्या शेतात तीन योद्धे एका राक्षसाला पाडत होते. त्याच्या अंगावर कातडी, मानेभोवती हाडांच्या माळा, उंची दोन पुरुष. पडला तेव्हा कोबीचे वाफे चिरडले.

शहरात मध्यभागी एक मोठं झाड आहे, गिल्डरग्रीन नावाचं. वाळलेलं. त्याच्या पायथ्याशी देवळातली दानिका बसते. ती सांगते की वीज पडून झाड मेलं, आणि या झाडाची आई दूर पूर्वेला अजून उभी आहे. ताईनं एवढं लक्षात ठेवलं.

व्हाइटरनच्या सरदाराला ड्रॅगनचा निरोप द्यायचा असतो. रिव्हरवुडकर तसं सांगूनच पाठवतात. ताई म्हणाली, "आज नको." आम्ही तो शेवटपर्यंत दिला नाही. निरोप देऊन पहिला ड्रॅगन मारल्याशिवाय आकाशात एकही भटका ड्रॅगन येत नाही, तोवर जग तसंच थांबून राहतं. ज्यांना नुसतं भटकायचंय त्यांनी निरोप खिशात ठेवावा.

तिसरा दिवस: माळावर

या दिवशी आम्ही कुठंच गेलो नाही, आणि तरी नऊ दिवसांतला हा माझा सगळ्यात आवडता दिवस.

सकाळी गवतातून एक कोल्हा उठला आणि पळाला. ताई म्हणाली, "जा त्याच्या मागं." कोल्हा खजिन्यापाशी नेतो असं खेळणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं बोललं जायचं. मला ती ऐकीव गोष्ट वाटायची. पण ती खरी निघाली, आणि का खरी ते गेमच्या एका जुन्या डेव्हलपरनं २०२१मध्ये उलगडून सांगितलं. प्राण्यांना चालता यावं म्हणून गेममधल्या जमिनीवर न दिसणारं त्रिकोणांचं जाळं अंथरलेलं असतं. मोकळ्या माळावर हे त्रिकोण मोठे आणि थोडे. छावणी, पडकी भिंत, गुहेचं तोंड अशा ठिकाणी बारीक आणि दाट. घाबरलेला कोल्हा १०० मीटर लांब पळत नाही, १०० त्रिकोण लांब पळतो. त्यामुळे तो दाट त्रिकोणांकडे ओढला जातो, म्हणजेच कुणीतरी काहीतरी मांडून ठेवलेल्या जागेकडे. हे कुणी ठरवून केलं नव्हतं.

आमचा कोल्हा एका शिकाऱ्याच्या विझलेल्या छावणीपाशी नाहीसा झाला. एक तंबू, ताणून वाळत घातलेलं कातडं, राखेवर भांडं. माणूस नव्हता. खजिना म्हणावा असंही काही नव्हतं. ताई त्या भांड्याकडे बघत राहिली. "इतक्या आडबाजूला हे कोण बघायला येणार होतं?" म्हणाली. "आणि तरी कुणीतरी बसून मांडलंय."

दुपारी रस्त्यावर एक शेतकरी भेटला. त्याच्या मागं गाय. गाईच्या अंगावर नागमोडी रेघा आणि गोल, रंगानं काढलेले. विचारलं तर म्हणाला, ही राक्षसाला अर्पण करायला नेतोय, म्हणजे तो आमच्या शेताला हात लावत नाही. आम्ही त्याच्या मागं मागं गेलो. तो हळू चालतो, गाय त्याहून हळू. सूर्य कलला. पुढं राक्षसाचा तळ दिसायला लागला: मोठी शेकोटी, भोवती दोन मॅमथ शांतपणे उभे, आणि राक्षस काठीसारखा सोटा टेकत त्यांच्याभोवती फिरतोय, गुराख्यासारखा.

"काल मारला तो असाच कुणाचा तरी गुराखी होता," ताई म्हणाली.

मी बारा वर्षं राक्षस म्हणजे मारायची चीज समजत होते. तळाजवळ उगाच गेलं नाही तर तो आधी नुसता गुरगुरतो, सोटा उगारून परत फिरा म्हणतो. तेव्हा परत फिरलं की झालं. मात्र सोट्याचा फटका बसलाच तर माणूस थेट ढगांत जातो. मी हे आधीच्या खेपेला अनुभवलंय, तुम्ही लांबूनच बघा.

चौथा दिवस: पूर्वेचा रस्ता

व्हाइट नदीच्या काठानं पूर्वेला. व्हाल्थाइमच्या दोन बुरुजांपाशी डाकू वाटखर्च मागतात. दिला आणि पुढं गेलो. पाऊस सुरू झाला तो थांबेना. समोरचे डोंगर नाहीसे झाले, फक्त पाण्याचा आवाज.

त्या पावसात ऑर्क नावाच्या लढवय्या जमातीतला एक म्हातारा उभा होता. पायाशी दोन मेलेले सुळेवाले वाघ. मी तलवारीकडे हात नेला, पण तो बोलायला लागला. म्हातारा झालो, आता टोळीचा प्रमुख होणं नाही, बायका-घर नाही. अंथरुणात मरायचं नाही. चांगला मृत्यू देणारा कुणी येईल म्हणून इथं वाट बघतोय. देशील?

गेम दोन उत्तरं देतो. देईन, किंवा नाही देत. ताईनं बराच वेळ काहीच सांगितलं नाही. मग विचारलं, "आपण गेलो तर हा काय करेल?"

"उभा राहील. दुसरा कुणी यायची वाट बघेल."

"आणि दुसरं कुणी येणार आहे का?"

नाही येणार. त्या जगात वाट चुकून येणारे फक्त आपणच. मी हे तिला सांगितलं. तिनं मान हलवली. मी तलवार काढली. तो खरंच छान लढला. त्यानंतर त्या दिवशी आम्ही जास्त पुढं गेलो नाही.

या गेमविषयी लोक बोलतात ते आकाराविषयी. पण आकारच बघायचा तर याच मालिकेतला १९९६चा डॅगरफॉल घ्या. त्याचं जग साधारण ग्रेट ब्रिटनएवढं आहे आणि त्यातलं बहुतेक यंत्रानं आखून काढलेलं. स्कायरिम त्यापुढं परसदार आहे, जेमतेम ३७ चौरस किलोमीटर. तरी भव्य वाटतं ते स्कायरिमच, कारण इथं दर दोनशे पावलांवर कुणीतरी थांबून विचार केलेला असतो: इथून जाणाऱ्याला काय दिसेल, तो कुठं वळेल, वळला तर त्याला काय भेटेल. म्हातारा ऑर्क नेमका कुठं भेटणार ते ठरलेलं नसतं, पण त्याचं बोलणं कुणीतरी शब्द तोलून लिहिलंय.

पाचवा दिवस: आयव्हरस्टेड आणि सात हजार पायऱ्या

आयव्हरस्टेडच्या पुलावर क्लिमेक भेटतो. डोंगरावर हाय ह्रोथगार नावाचा मठ आहे. तिथल्या ग्रेबिअर्ड साधूंना हा खाली गावातून सुकी मासळी आणि खारवलेलं मांस पोचवतो. आता पायऱ्या चढणं त्याच्या जिवावर येतं. "आण इकडे," ताई पडद्याकडे बघूनच म्हणाली, आणि पिशवी आम्ही घेतली.

या डोंगराचं शिखर, थ्रोट ऑफ द वर्ल्ड, पहिल्या दिवसापासून दिसत होतं. जवळजवळ कुठूनही दिसतं. २०११मध्ये गेम दाखवताना त्याचा दिग्दर्शक टॉड हॉवर्डनं याच डोंगराकडे बोट करून सांगितलं होतं की हा नुसता पडदा नाही, माथ्यापर्यंत चालत जाता येतं. पुढं सगळ्यांनी हे वचन उचललं. २०१७ला आलेल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या दुसऱ्या गेमच्या मंडळींनी तर याचं शास्त्रच मांडलं. जमिनीला त्रिकोणी उंचवटे द्यायचे. त्यामागं काहीतरी झाकलं जातं, आणि चढून जाऊ की वळसा घालू हे चालणाऱ्याला ठरवावं लागतं. ताईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी विचारते तो प्रश्न त्यांनी आधीच लिहून ठेवलाय."

पायऱ्या प्रत्यक्षात सात हजार नाहीत, कितीतरी कमी आहेत. पण चढायला घेतलं की आकडा खोटा वाटत नाही. आधी झाडं मागं पडतात, मग गवत, मग रंग. वाटेत एक शिकारी आणि एक यात्रेकरू बाई भेटतात. बाई एका शिलालेखापुढं ध्यान लावून बसलेली असते. वर कड्यावरून बर्फाळ ट्रोल, एक दांडगा राक्षसी प्राणी, अंगावर येतो. त्याच्या जखमा आपोआप भरून येतात, म्हणून आग वापरा, आगीपुढं त्याचं काही चालत नाही. आम्ही तीनदा मेलो. चौथ्या खेपेला ताईनं सुचवलं ते केलं: भांडण न करता त्याच्या शेजारून पळालो.

वाटेतले दहाही शिलालेख थांबून वाचा. दहावा मठाच्या दारापाशी आहे. सगळे वाचून झाले की आकाशाचा आशीर्वाद मिळतो: तिथल्या एका दिवसापुरते जंगली प्राणी तुमच्यावर धावून येत नाहीत आणि तुम्हाला बघून पळतही नाहीत. मला दोन डावांत याचा पत्ताच नव्हता.

मठापुढं एक पेटी असते. मासळीची पिशवी त्यात ठेवली. आत जायचं कारण नव्हतं. आत यायची साधूंची हाक ड्रॅगन मारणाऱ्याला येते, आणि आमच्या खिशात निरोप अजून तसाच होता. वारा इतका की पडद्यावर बर्फाच्या रेघाच रेघा. मग वारा पडला आणि खाली सगळा मुलूख दिसला. नदी, माळ, व्हाइटरनचा उंच वाडा. पहिल्या दिवसापासूनची आमची वाट एका नजरेत मावत होती.

"एवढंसंच आहे होय," ताई म्हणाली. तिचा आवाज निराशेचा नव्हता. आपण चाललेली वाट वरून बघताना येतो तसा होता.

सहावा दिवस: गरम पाण्याची कुंडं

आशीर्वाद आपल्या ७२ मिनिटांचा. त्यामुळे झोपायचं नाही असं ठरवून खाली उतरलो, क्लिमेकला काम झाल्याचं सांगितलं आणि नदीच्या कडेनं ईस्टमार्च या प्रांताकडे निघालो. एक लांडगा आमच्याकडे बघून बाजूनं निघून गेला. एरवी तो मानेला झोंबला असता.

ईस्टमार्चच्या मधोमध बर्फ नाही. जमीन भाजलेली, तडकलेली, ठिकठिकाणी निळीहिरवी कुंडं आणि त्यांच्यावर वाफ. कडेला ड्रॅगन्स टंग नावाच्या फुलांची झुडपं, क्रीप क्लस्टरच्या वेली. इथं ताई म्हणाली, "दे माझ्याकडे."

तिला शर्ली करीबद्दल सांगितलं होतं. १९३६ सालची आजी, २०१५पासून स्वतःच्या स्कायरिमच्या भटकंतीचे व्हिडिओ टाकायची, बघणाऱ्यांना नातवंडं म्हणायची, अशी लाखो जमवली. बहुधा ते डोक्यात असेल. कंट्रोलर तिच्या हातात दिला. आधी ती फक्त आकाशाकडे बघत राहिली, कारण नजर खाली कशी आणायची ते सापडेना. मग जमिनीकडे. मग गोल गोल फिरली. दहा मिनिटांनी सरळ चालायला लागली, आणि कुंडाच्या कडेला चरणाऱ्या हरणापाशी जाऊन उभी राहिली.

हरीण पळालं नाही. मान खाली घालून चरत राहिलं. ती एकेक पाऊल पुढं सरकली, इतकी की पाठीवरचे केस वेगळे दिसायला लागले, पोटाची हालचाल दिसली. वाफ दोघांच्या मधून गेली. ताईनं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि नुसती बघत बसली. मीही काही बोलले नाही. या गेममध्ये मी ड्रॅगन मारलेत, राज्यं उलथवलीत. इतकं कुणाच्या जवळ गेल्याचं मला आठवत नाही. आशीर्वाद संपला तसं हरणानं मान वर केली आणि एका उडीत वाफेत नाहीसं झालं.

"गेलं," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी एका गुहेत शिरलो ती एल्डरग्लीम अभयारण्याची निघाली. आत हिरवळ, झरे, वरून पडणारा उजेड आणि मधोमध गुलाबी फुलांचं प्रचंड झाड. दोन यात्रेकरू शांत फिरत होते. ताईला लगेच उमगलं: दानिका म्हणत होती ती हीच आई. झाडाचा चीक नेला तर शहरातलं झाड जगतं, पण त्यासाठी एका खास सुरीनं याला जखम करावी लागते. ती सुरी आणायला आम्ही गेलोच नव्हतो. ताई म्हणाली, बरंच झालं.

इथली एक स्वयंपाकाची सूचना. कोबी, बटाटा, टोमॅटो आणि लीक भांड्यात घालून भाजीचं सूप करून ठेवा. ते प्यायलं की १२ मिनिटं तब्येत आणि दम थोडा थोडा भरत राहतो. दम संपलेला असतानाही जोरदार वार करता येतात. बरंचसं साहित्य शेतात मिळतं.

सातवा दिवस: विंडहेल्म

लांब दगडी पुलावरून शहरात शिरलो. वेशीच्या आतच दोन नॉर्ड, म्हणजे इथले स्थानिक, पुरुष एका डार्क एल्फ या परक्या जमातीच्या बाईला दरडावत होते, तू हेर आहेस, परत जा. ती शांतपणे उत्तरं देत होती. ते गेल्यावर ती आमच्याकडे वळली आणि विचारलं, तुम्हीही आमचा द्वेष करता का? डार्क एल्फांची वस्ती इथं ग्रे क्वार्टर म्हणून वेगळी आहे. अरुंद, ओली, अंधारी. बंदरावर काम करणाऱ्या आर्गोनियनांना, म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या लोकांना, तर शहराच्या भिंतीआत पाऊलच टाकू देत नाहीत.

त्या दोघांतला एक रात्री सराईत भेटला. १०० सेप्टिम लावून मुठींनी लढायला तयार असतो. ताईनं अजिबात विचार केला नाही. आम्ही जिंकलो. सकाळी ग्रे क्वार्टर होतं तसंच होतं. ताईला वाटलं होतं, काहीतरी बदलेल. मला मात्र हे शहर याच कारणासाठी खरं वाटतं. नायकाच्या दोन ठोशांनी ते सुधारत नाही.

आठवा दिवस: विंटरहोल्ड

उत्तरेकडे नुसतं बर्फ. कधीकाळी हे मोठं शहर होतं. ऐंशी वर्षांपूर्वी ते समुद्रात कोसळलं आणि कड्यावर जादूगारांचं विद्यालय तेवढं उभं राहिलं. उरलेल्या चार-पाच घरांतली माणसं त्याचा दोष जादूगारांना देतात. सराईत बसलो. बाहेर रात्री आकाशात हिरव्या प्रकाशाचे पडदे हलत होते. संगीत हळूहळू विरलं आणि फक्त वारा उरला. आम्ही खिडकीतून नाही, दाराबाहेर उभं राहून बघितलं.

जाणार असाल तर सर्व्हायव्हल मोडचा विचार करा. त्यात थंडी, भूक, झोप लागते आणि फास्ट ट्रॅव्हल आपोआप बंद होतो. पहिल्या खेपेला मात्र नको, उत्तरेला माणूस गारठून जातो.

नववा दिवस: फ्रॉस्टफ्लो दीपगृह

डॉनस्टार हे किनाऱ्यावरचं गाव गाठायचं होतं. पश्चिमेला निघालो. वादळ आलं, रस्ता हरवला, पाटी दिसेना. ताई म्हणाली, "तो बघ, दिवा." कड्यावर एक दगडी मनोरा. कुणी आम्हाला तिथं पाठवलं नव्हतं. मुख्य कथेशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आत घर होतं. आणि एक बाई मरून पडलेली. आम्ही रोजनिशी वाचायला घेतली. या जगात शेकडो पुस्तकं आहेत, पण एरवी मी ती उघडायची नाही. इथं ताई मोठ्यानं वाचत गेली. बाईचं नाव रामाती. नवरा हब्द जुना खलाशी, त्याला समुद्र दिसेल असं घर हवं होतं. मानी आणि सुदी ही दोन मुलं. तळघरातून खडखड ऐकू येते म्हणून कुरकुर. उंदीर-घुशी असतील असं वाटतं. पुढची पानं कोरी.

तळघराची किल्ली शोधली. खाली भिंत आतून फोडलेली, तिच्यापलीकडे बर्फाची गुहा. आत फाल्मर, जमिनीखाली राहणारी जमात. आंधळे, पण कान तिखट. वाकून, थांबत थांबत जायचं, दिवा पेटवला तरी त्यांना दिसत नाही. मधेमधे घरातल्यांच्या चिठ्ठ्या, एकेक जण कुठवर पोचला त्याच्या. ताई आता मोठ्यानं वाचत नव्हती. मी वाचायची आणि तिला सांगायची. सगळ्यात खाली एक प्रचंड कोरस, किडा. तो मेल्यावर त्याच्या पोटात हब्दची हाडं मिळाली. त्याची शेवटची इच्छा आम्हाला कागदांतून कळली होती: आपलं जे काही उरेल ते दीपगृहाच्या आगीत टाकावं.

आमच्याकडे वेळ कमी होता. ताईची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. गुहेतून परत वर यायला अर्धा तास लागला. मनोऱ्याच्या माथ्यावर आग पेटलेली, चारही बाजूंनी बर्फ, उत्तरेला काळा समुद्र, त्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे.

"मी टाकते," ताई म्हणाली.

मी कंट्रोलर दिला. तिला बटण सापडायला थोडा वेळ लागला. हाडं आगीत गेली. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी ओळ आली, खलाशाच्या विसाव्याची. त्यानं जखमा भरणारे मंत्र १० टक्के जास्त लागू पडतात. ताईनं ती ओळ वाचलीच नाही. ती समुद्राकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे तिनं आमच्या माणसाला तसं उभं केलं, आणि उजाडेपर्यंत तशीच ठेवली. उजाडायला आपल्या हिशोबानं पंधरा मिनिटं लागली. वादळ ओसरलं होतं. खाली पश्चिमेला, किनाऱ्याच्या वळणावर, डॉनस्टारची धुराडी दिसायला लागली.

सेव्ह तिथंच केलाय, मनोऱ्यावर. त्याला मी हात लावलेला नाही. ताई दिवाळीत येते म्हणालीय.